शैलीचे उत्तरदायित्व : व्हॅन गॉगची ‘भाषांतरे’ आणि पुनर्निर्मितीचा नैतिक प्रश्न

१

एखाद्या विख्यात चित्राची स्वतःच्या शैलीत पुनर्निर्मिती करणे ही आधुनिक कलाव्यवहारातील इतकी रूढ कृती झाली आहे की, तिच्या संदर्भात काही नैतिक प्रश्न संभवतो याची जाणीवही सहसा राहत नाही. कलाशाळांत ती अभ्यासक्रमाचा भाग असते, प्रदर्शनांत ती आदरांजली म्हणून मांडली जाते, आणि समीक्षेत ‘आंतरसंहितात्मकता’ ही संज्ञा योजली की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. प्रत्येक संहिता इतर संहितांच्या धाग्यांनीच विणलेली असते हे एकदा मान्य केले की, कोणी कोणाचे काय घेतले ही विचारणाच गैरलागू ठरते. दुसऱ्या टोकाला हॅरल्ड ब्लूम यांनी १९७३ मध्ये मांडलेला प्रभावचिंतेचा सिद्धांत आहे. त्यानुसार पूर्वसूरींचे अपवाचन ही समर्थ कवीच्या जन्माचीच अट होय. पहिल्या भूमिकेत घेणाऱ्याचे कर्तृत्व विरून जाते; दुसरीत ते संघर्षाच्या परिभाषेत गौरवले जाते. घेणाऱ्याचे मूळ कृतीविषयी काही कर्तव्य असू शकते, ही शक्यता मात्र दोन्ही भूमिकांत उरत नाही.

प्रस्तुत लेखात या शक्यतेचा विचार करावयाचा आहे. ‘हे मी माझ्या शैलीत केले आहे’ हे विधान पुनर्निर्मितीचे समर्थन म्हणून सर्रास केले जाते. ते खरोखर समर्थन आहे काय, की ज्याचे समर्थन व्हावयास हवे त्याचेच ते केवळ वर्णन आहे, असा हा प्रश्न आहे.

प्रथम काही भेद स्पष्ट केले पाहिजेत. प्रतिकृती करणारा स्वतःला शक्य तितका पुसून टाकतो. त्याचे यश त्याच्या अनुपस्थितीत असते. विडंबनकार मूळ कृतीला लक्ष्य करतो. मार्सेल द्युशाँने १९१९ मध्ये मोनालिसाच्या एका स्वस्त छापील चित्राला मिशा काढल्या, तेव्हा त्याचा रोख चित्रापेक्षाही त्या चित्राभोवतीच्या भक्तिभावावर होता. पुनर्निर्मिती या दोहोंहून वेगळी असते. तिला मूळ कृती हवी असते आणि स्वतःचा हातही सोडावयाचा नसतो. म्हणजे तिला एकाच वेळी दोघांच्या वतीने बोलावयाचे असते. नैतिक प्रश्न उद्भवतो तो या दुहेरी बोलण्यातूनच.

२

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉगने सँ-रेमी येथे केलेल्या चित्रांइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. मे १८८९ पासून वर्षभर तो तेथील मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झालेला होता. त्या उन्हाळ्यातील झटक्यानंतर काही काळ तो बाहेर जाऊ शकत नव्हता. समोर बसण्यासाठी माणसेही मिळत नव्हती. १८८९ चा शरद आणि त्यापुढील हिवाळा या काळात त्याने ज्याँ-फ्रांस्वा मिलेच्या कृतींवरून एकवीस चित्रे केली. मिले १८७५ मध्ये निवर्तला होता. त्याचा ‘पेरणी करणारा’ सर्वतोमुखी झालेला होता. व्हॅन गॉगने तर १८८० मध्ये चित्रकलेचा पहिला धडाच मिलेच्या मुद्रितांवरून गिरवला होता. याखेरीज त्याने देलाक्र्वाच्या आणि रेम्ब्रांच्या कृतींवरूनही चित्रे केली. यांतील बहुतेक चित्रांसाठी त्याच्यासमोर मूळ चित्र नव्हतेच. होती ती काळी-पांढरी मुद्रिते, आणि काही वेळा थिओने पाठवलेले छायाचित्र. मिलेच्या शेतकामांच्या रेखाटनांचे लाव्हिएलने लाकडी ठशांत कोरीवकाम केले होते. म्हणजे व्हॅन गॉगच्या हाती आले ते मुळातच एका भाषांतरकाराच्या हातून गेलेले होते.

आपल्या या कामाविषयी थिओला लिहिताना व्हॅन गॉगने त्याला नक्कल म्हणण्यास नकार दिला. हे दुसऱ्या भाषेत, रंगांच्या भाषेत केलेले भाषांतर आहे, असे तो म्हणतो. सप्टेंबर १८८९ च्या पत्रात तो संगीताचा दाखला देतो. बेथोव्हनची रचना वाजवणारा तीत स्वतःचा अर्थ घालतो आणि त्याला कोणी नक्कलकार म्हणत नाही. मग चित्रकारानेच सदैव स्वतःची रचना करावी असा आग्रह का? समोरचे काळे-पांढरे चित्र हा आपला विषय, त्यावर आपण रंग योजतो, तेही मूळ चित्रांच्या धूसर आठवणीवर विसंबून. आणि ही योजना आपल्याला सांत्वन देते, असा त्याचा आशय आहे.

संगीताचा हा दाखला आकर्षक आहे, पण तो तपासून पाहिला पाहिजे. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये कलांची जी विभागणी केली तिच्यानुसार संगीताला स्वरलेखन असते आणि चित्राला तसे काही नसते. स्वरलेखन हे रचनेतील अनिवार्य काय आणि वादकावर सोपवलेले काय याची सीमा आखून देते. कोणता स्वर, किती मात्रा हे लिहिलेले असते. आघाताची सूक्ष्म वजने मोकळी सोडलेली असतात. वादकाचे स्वातंत्र्य असे आधीच मोजून दिलेले असते. चित्रात अशी कोणतीही सीमा आखलेली नसते. रेषा अनिवार्य आणि रंग ऐच्छिक, की प्रकाश अनिवार्य आणि आकृती ऐच्छिक, हे चित्र स्वतः कोठेही सांगत नाही. गुडमन यांची विभागणी ग्राह्य धरली तर व्हॅन गॉगचा दाखला कोसळतो, असे कोणी म्हणेल. येथे वेगळे म्हणावयाचे आहे. तो ज्या ठिकाणी कोसळतो, त्याच ठिकाणी पुनर्निर्मात्याचे कर्तव्य सुरू होते.

चित्राला स्वरलेखन नसल्यामुळे त्याच्या पुनर्निर्मात्याला ते मनातल्या मनात स्वतःच तयार करावे लागते. दुसऱ्याच्या कृतीत काय टिकलेच पाहिजे आणि काय गेले तरी चालेल, याचा निवाडा त्याला करावा लागतो. हा निवाडा त्याला कोणी सोपवलेला नसतो आणि मूळ कलावंत तो तपासावयास हजर नसतो. ज्याला आपण ‘स्वतःची शैली’ म्हणतो ती अशा स्थितीत केवळ हाताची सवय किंवा रंगांची आवड राहत नाही. तिच्यात हा निवाडा नोंदला जातो. म्हणूनच ‘हे माझ्या शैलीत आहे’ हे उत्तर अपुरे आहे. शैलीने काय राखले, काय सोडले, आणि ते कोणत्या अधिकाराने, याचे उत्तर पुनर्निर्मात्याकडे मागता येते. शैलीचे उत्तरदायित्व म्हणावयाचे ते याला.

३

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न पूर्णतः परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यापूर्वी १५७३ मध्ये भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका वाराणसीत पूर्ण झाली होती. पहिल्या कार्यात दुसऱ्याच्या संहितेत स्वतःचे काही मिसळू नये हा कटाक्ष आहे. दुसऱ्यात मूळ श्लोकाचा आधार घेऊन स्वतःच्या वाणीने विस्तार करण्याची मोकळीक आहे. एकाच पुरुषाने दोन्ही केले आणि दोहोंत विसंगती मानली नाही. संहितेचे रक्षण आणि संहितेवरील भाष्य ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत, आणि दोष यांपैकी कोणत्याही एकात नसून एकाला दुसऱ्याच्या नावाने खपवण्यात आहे. व्हॅन गॉगने आपल्या चित्रांना ‘भाषांतरे’ म्हटले, ते मिलेवरून केले आहेत हे कोठेही लपवले नाही. हा नामनिर्देश उत्तरदायित्वाची पहिली पायरी आहे. मात्र ती पहिलीच आहे. श्रेयनिर्देश केला की सर्व कर्तव्य फिटले असे होत नाही.

पुढची पायरी चित्रांतच पाहावी लागते. जानेवारी १८९० मधील ‘पहिली पावले’ हे चित्र घ्यावे. मिलेच्या चित्राच्या छायाचित्रावर व्हॅन गॉगने चौकटी आखल्या आणि त्यांच्या आधारे आकृती कॅनव्हासवर उतरवून घेतल्या. कुदळ खाली टाकून हात पसरलेला बाप, मुलाला सावरणारी बाई, त्यांच्यामधील अंतर हे सर्व त्याने मिलेकडून मापून घेतले. रंग मात्र सर्वस्वी त्याचा आहे, आणि तो आला आहे ज्या ठिकाणी छायाचित्र मूक होते त्या ठिकाणी. ‘दुपारची विश्रांती’ या चित्रातही गवताच्या गंजीच्या सावलीत निजलेले जोडपे, बाजूला ठेवलेले दोन विळे आणि काढून ठेवलेले जोडे हा सारा विन्यास मिलेचा आहे. निळ्याजांभळ्याला भिडणारा पिवळा-नारिंगी आणि निजलेल्या देहांभोवतीही न निजणारे कुंचल्याचे फटकारे व्हॅन गॉगचे आहेत. मिलेची विश्रांती जमिनीसारखी स्थिर आहे; येथील विश्रांती श्रमाच्या धगीतून अजून पुरती बाहेर आलेली नाही. हे मिलेचे खंडन नव्हे. मिलेच्या चित्रात श्रमाला जी प्रतिष्ठा आहे तिची किंमत येथे दृश्य झाली आहे.

या चित्रांत स्वतःच्या शैलीने दुसऱ्याची जागा बळकावलेली नाही. साधनाच्या मर्यादेने मोकळी राहिलेली जागा तिने भरली आहे. हे पुनर्निर्मितीचे सर्वांत निर्वेध रूप होय, आणि म्हणूनच त्यावर सिद्धांत उभारणे फार सोपे आहे. खरी कसोटी लागते ती जेथे मूळ कृतीने जागा मोकळी सोडलेली नाही तेथे.

४

मे १८९० मध्ये, सँ-रेमी सोडण्यापूर्वी, व्हॅन गॉगने रेम्ब्रांच्या ‘लाझरसचे पुनरुत्थान’ या सुमारे १६३२ मधील अम्लरेखनावरून एक चित्र केले. रेम्ब्रांच्या रचनेत हात उंचावून उभा असलेला ख्रिस्त हे केंद्र आहे. सगळ्यांची नजर, सगळ्यांचे भय आणि विस्मय या हाताशी बांधलेले आहेत. व्हॅन गॉगने मूळ रचनेचा एक भाग निवडला. उठू पाहणारा लाझरस त्याने ठेवला, दोन स्त्रिया ठेवल्या, आणि ख्रिस्त काढून टाकला. मागे निळसर टेकड्या आणि उगवता पिवळा सूर्य आहे. लाझरसची दाढी लालसर आहे; त्याच्या चेहऱ्यात अनेक अभ्यासकांना व्हॅन गॉगचाच चेहरा दिसला आहे. स्त्रियांच्या बाबतीत आर्ल येथे चितारलेल्या दोन परिचित स्त्रिया आपल्या मनात असल्याचे त्याने थिओला कळवले होते.

येथे रंगांच्या भाषांतराची उपमा पुरी पडत नाही. ज्या कृतीचा अर्थच एका व्यक्तीच्या आज्ञेत सामावलेला आहे, तिच्यातून ती व्यक्तीच वगळली तर उरलेल्या कृतीला मूळ कृतीची पुनर्निर्मिती म्हणावे काय? रूपवादी उत्तर सोपे आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाच्या चौकटीत हा प्रश्न उपस्थितच होणार नाही. नव्या चित्रात संवाद, विरोध आणि समतोल साधला आहे की नाही एवढेच पाहावयाचे. रेम्ब्रां हा फार तर निमित्त. परंतु हे उत्तर स्वीकारले तर व्हॅन गॉगने रेम्ब्रांचाच आधार का घ्यावा, हे समजेनासे होते. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराला अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले आहे. पुनर्निर्मितीचा विचार यांपैकी पहिल्याच ध्रुवावर थांबला तर तो अपुरा राहतो, कारण पुनर्निर्मिती ही कलाकृती असतेच. शिवाय दोन माणसांमधला तो एक व्यवहारही असतो.

वगळण्यामागील कारण शोधताना व्हॅन गॉगच्या पूर्वायुष्यातील एक वस्तुस्थिती महत्त्वाची ठरते. १८८८ मध्ये आर्ल येथे त्याने जैतुनांच्या बागेतील ख्रिस्ताचे चित्र दोनदा करावयास घेतले आणि दोन्ही वेळा खरवडून टाकले. डोळ्यांसमोर माणूस नसताना असे चित्र आपण करू नये, असे त्याचे म्हणणे होते. १८८९ च्या अखेरीस गोगँ आणि बर्नार यांच्या बायबलविषयक चित्रांबद्दल त्याने जी नाराजी व्यक्त केली तिच्या मुळाशीही ही धारणा आहे. हे लक्षात घेतले तर लाझरसच्या चित्रातील अनुपस्थिती मोडतोडीची न वाटता संयमाची वाटू लागते. आजारातून उठणे काय असते ते त्याला ठाऊक होते, माणूस उठताना पाहणाऱ्यांचा चेहरा काय होतो तेही ठाऊक होते. उठवणाऱ्याविषयी मात्र आपण प्रत्ययपूर्वक काही सांगू शकत नाही, ही मर्यादा त्याने चित्रात पाळली.

तथापि हा खुलासा पूर्ण मानता येत नाही. देलाक्र्वाच्या ‘पिएता’ चित्रात त्याने ख्रिस्त रंगवलाच होता. मृत, लालसर दाढीचा, मातेच्या हातून निसटणारा देह त्याला रंगवता आला. आज्ञा देणारा समर्थ ख्रिस्त रंगवता आला नाही, किंवा रंगवावासा वाटला नाही. म्हणजे हा केवळ चित्रणाच्या सचोटीचा प्रश्न नव्हता. रेम्ब्रांच्या श्रद्धेशी त्याचा मतभेदही होता. श्रद्धावान प्रेक्षकाच्या दृष्टीने येथे काही हरवले आहे, आणि सूर्याला प्रतीक मानून ते भरून निघते असे म्हणणे हा समीक्षकाचा सोयीस्करपणा ठरेल. सूर्य हाक मारीत नाही.

मग ही पुनर्निर्मिती अन्यायकारक आहे काय? तसे म्हणता येत नाही, याची दोन कारणे आहेत. एक, या वगळण्याची किंमत कलावंताने स्वतः चुकती केली आहे. रेम्ब्रांच्या लाझरसला आपण का उठलो हे माहीत आहे. व्हॅन गॉगच्या लाझरसला ते माहीत नाही, आणि तो अंशतः स्वतः व्हॅन गॉगच आहे. दुसऱ्याची श्रद्धा काढून घेऊन त्याने स्वतःसाठी सुलभ चित्र तयार केलेले नाही. दोन, हा मतभेद उघड आहे. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की रिकामी जागा कोणालाही दिसते, आणि रेम्ब्रांची कृती तेथून प्रतिवाद करू शकते. मूळ कृतीला प्रत्युत्तराची संधी शिल्लक राहणे ही, माझ्या मते, पुनर्निर्मितीच्या न्याय्यतेची निर्णायक कसोटी होय. मूळ कृतीशी सहमती ही अट नव्हे. मूळ कृतीला गप्प न करणे ही अट आहे.

५

ही कसोटी मान्य केली तर चित्राचे ‘विख्यात’ असणे ही बाह्य बाब राहत नाही. पिकासोने १७ ऑगस्ट ते ३० डिसेंबर १९५७ या काळात कान येथे व्हेलास्केथच्या ‘लास मेनिनास’ (१६५६) या चित्राच्या निमित्ताने अठ्ठावन्न चित्रे केली. १९६८ मध्ये ती त्याने मित्र साबार्तेसच्या स्मृत्यर्थ बार्सेलोनाच्या संग्रहालयाला दिली. उभे चित्र त्याने आडवे केले, व्हेलास्केथच्या आकृतीला छतापर्यंत वाढवले, मूळच्या भारदस्त कुत्र्याच्या जागी स्वतःचा ठेंगणा कुत्रा बसवला. येथे सांत्वन नाही, स्पर्धा आहे. विनय नाही, धिटाई आहे. तरीही व्हेलास्केथचे त्यात काही बिघडले नाही. माद्रिदमधील चित्र इतके ज्ञात आहे की पिकासोची प्रत्येक उचल उचल म्हणूनच दिसते. कीर्ती ही मूळ कृतीची ढाल असते. जितके चित्र विख्यात, तितके त्याच्याशी भांडण्यास पुनर्निर्माता मोकळा.

याचा व्यत्यासही खरा आहे, आणि तोच अधिक अस्वस्थ करणारा आहे. मूळ कृती जितकी अनोळखी, तिचा कर्ता जितका दुर्बल, तितके पुनर्निर्मात्याचे उत्तरदायित्व वाढते. कारण तेथे पुनर्निर्मितीच मूळ कृतीची जागा घेते. व्हॅन गॉगच्याच आधीच्या कामात याचे उदाहरण मिळते. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये त्याने हिरोशिगेच्या दोन मुद्रितांवरून चित्रे केली आणि त्यांच्या कडेने जपानी अक्षरांच्या चौकटी रंगवल्या. ती अक्षरे इतर मुद्रितांवरून उचललेली होती. त्याला ती वाचता येत नव्हती. हिरोशिगेविषयीचा त्याचा आदर निःसंशय होता. तरीही या चौकटीत एका जिवंत भाषेची लिपी नक्षी होऊन बसली. जो ती वाचू शकतो त्याला तेथे असंबद्ध मजकूर दिसतो. जो वाचू शकत नाही त्याला केवळ शोभा दिसते, आणि पॅरिसमधील प्रेक्षक दुसऱ्या वर्गातलाच होता. मिलेची भाषा त्याला येत होती, म्हणून तो तिचे भाषांतर करू शकला. जपानी लिपीच्या बाबतीत मात्र भाषांतर झाले नाही, फक्त आदर व्यक्त झाला. दुसऱ्याची भाषा समजून न घेता केलेला आदरही तिला गप्प करू शकतो.

आपल्याकडे हा प्रश्न वारली चित्रांच्या संदर्भात प्रत्यक्ष भेडसावतो. ठाणे-पालघर परिसरातील वारली समाजात लग्नप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते, आणि चौकावाचून लग्न होत नाही. हा चौक गोठलेला राहावा असे कोणी म्हणणार नाही. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी १९७० च्या दशकापासून विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर, ही भाषा स्वतंत्रपणे चालवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती पुनर्निर्मिती भाषा जाणणाऱ्याने केलेली होती. पण पडद्यांवर, पेल्यांवर आणि भिंतींवर ‘आमच्या शैलीत’ म्हणून त्रिकोणी माणसांची जी रांग आज नाचताना दिसते तिच्यात देवी नसते, आणि ती वगळली आहे हे पाहणाऱ्याला कळतही नाही. लाझरसच्या चित्रातील रिकामी जागा दिसते. येथील रिकामी जागा दिसत नाही. मोनालिसाला वारली आकृतींत बसवले तर मोनालिसाचे काही बिघडत नाही. चौकाला शोभेच्या पट्टीत बसवले तर पुष्कळ काही बिघडू शकते. दोन्ही कृतींचे वर्णन मात्र आपण एकाच वाक्यात करतो.

६

तात्पर्य, स्वतःच्या शैलीत पुनर्निर्मिती करण्याचा अधिकार नाकारण्याचे कारण नाही. पण तो अधिकार शैलीतून आपोआप मिळत नाही. चित्राला स्वरलेखन नसल्यामुळे पुनर्निर्माता दुसऱ्याच्या कृतीतील सार आणि असार यांचा निवाडा करतो, आणि त्याच्याकडे तीन गोष्टींची विचारणा करता येते : ज्या भाषेतून घेतले ती अवगत होती काय, जे सोडले त्याची काही किंमत स्वतः मोजली काय, आणि मूळ कृती अजून उत्तर देऊ शकते काय. यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा पुनर्निर्मात्याच्या हातात नसते. मूळ कृती किती जणांनी पाहिली आहे, तिच्या कर्त्याचे नाव कोणाला ठाऊक आहे, यावर ते अवलंबून असते. म्हणूनच हे उत्तरदायित्व एकट्या कलावंताचे राहत नाही. पुनर्निर्मितीशेजारी मूळ कृती आणून ठेवणे, तिच्यातून काय गळाले ते दाखवणे, हे समीक्षेचे आणि अध्यापनाचे काम आहे. व्हेलास्केथच्या बाबतीत हे काम संग्रहालयांनी आणि ग्रंथांनी केव्हाच केले आहे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या बाबतीत ते पुष्कळसे व्हावयाचे आहे.